दुमडलेल्या काठाचा इतिहास

१९३८ सालच्या फोर्ड मोटारीत चालकाने ब्रेकवर पाय दाबला की पोलादी तारा ओढल्या जात आणि त्या ओढीने चाके थांबत. क्रायस्लरच्या मोटारीत हेच काम १९२४ पासून द्रव करीत होता. शेवरोलेही १९३६ मध्ये द्रवाच्या बाजूला गेली होती. हेन्री फोर्ड मात्र अडून बसले होते. पायापासून चाकापर्यंत सलग पोलाद असल्याचा अभिमान त्यांच्या कंपनीच्या जाहिराती मिरवत असत. अखेर १९३९ च्या मॉडेलपासून त्यांनीही माघार घेतली. जगाला मोटारीत बसवणाऱ्या माणसाने वाटीभर द्रवाला पंधरा वर्षे का अडवून धरले असावे? म्हातारपणीचा हेका, असे उत्तर बहुतेक पुस्तके देतात. मला ते अपुरे वाटते. फोर्ड यांचा निष्कर्ष चुकला, पण त्यांची शंका चुकली नव्हती. ती शंका नेमकी कुठे बसत होती याचा माग काढत गेलो, तर आपण एका अगदी सामान्य हत्याराशी येऊन पोहोचतो.

त्या हत्याराचे नाव फ्लेअरिंग टूल. एक चपटी पेटी असते. तिच्यात मधोमध दुभंगलेली पोलादी पट्टी असते आणि पट्टीत लहानमोठी भोके असतात. शेजारी मळसूत्राच्या टोकाला शंकू बसवलेला एक जोखडासारखा दाब असतो आणि बटणाएवढ्या चार-पाच डाय असतात. घरी एसी बसवायला आलेल्या कारागिराच्या पिशवीत याचाच धाकटा भाऊ तुम्ही पाहिला असेल. नळीचे तोंड कर्ण्यासारखे फुलवणे, एवढेच या हत्याराचे काम. मोटारीच्या ब्रेकची नळी गंजली, चिरली किंवा दगडाने चेपली, तर नवी नळी कापून तिची दोन्ही तोंडे याच पेटीने फुलवून बसवतात. हायड्रॉलिक ब्रेकचा शोध कोणी लावला हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. तो ब्रेक विश्वासार्ह कशामुळे झाला, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग मात्र या पेटीत आहे.

आधी मुळाकडे जाऊ. बंदिस्त द्रवावर दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कालचा नियम. त्याचा यासंबंधीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र या नियमावर चालणारे उपयुक्त यंत्र यायला सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने हायड्रॉलिक दाबयंत्राचे पेटंट घेतले. एवढा विलंब का झाला? तत्त्व तर माहीत होते. अडचण होती गळतीची. दट्ट्याच्या कडेने पाणी निसटत असे, आणि कडा घट्ट आवळावी तर दट्ट्याच हलत नसे. यावरचा तोडगा म्हणजे चामड्याची वाटीसारखी कडी. पाण्याचा दाब वाढला की तोच दाब चामड्याला भिंतीशी घट्ट चिकटवी, आणि दाब सुटला की कडी सैल पडे. या तोडग्याचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले या कारागिराला दिले जाते. हायड्रॉलिक यंत्रांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसते. तत्त्व एका पानात लिहून होते आणि सांध्यावर पिढ्या खर्ची पडतात.

आता मोटारीकडे वळू. सुरुवातीच्या बहुसंख्य मोटारींना फक्त मागच्या चाकांना ब्रेक असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावणे अवघड होते, कारण ती चाके वळतात, खड्ड्यात खालीवर होतात, आणि त्यांच्यापर्यंत सळी न्यायची तर तिची लांबी क्षणोक्षणी बदलते. त्याहून मोठी पंचाईत समतोलाची. चार सळ्या अगदी सारख्या ताणल्या गेल्या नाहीत, तर एक चाक आधी धरते आणि मोटार आडवी होते. तो ताण जुळवून ठेवणे ही मालकाच्या मागे लागलेली नित्याची कटकट होती. द्रवाला ही अडचण मुळीच नाही. पास्कालच्या नियमानुसार चारही चाकांना एकच दाब मिळतो, आणि नळी कुठूनही कशीही वळवून नेता येते.

ही कल्पना व्यवहारात आणणाऱ्यांत माल्कम लॉकहीड हे नाव अग्रगण्य. आडनाव ओळखीचे वाटले असेल तर बरोबर आहे. विमान कंपनीचा संस्थापक ॲलन याचा हा भाऊ. दोघांनी मिळून १९१३ मध्ये पाण्यावरून उडणारे विमान बांधले होते. त्यांचे मूळ आडनाव निराळ्या स्पेलिंगचे होते. लोक ते ‘लॉगहेड’ असे वाचत, म्हणून उच्चाराला जुळणारे स्पेलिंग पुढे आले. माल्कमने १९१७ मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचे पेटंट मिळवले आणि १९१९ मध्ये भावाची साथ सोडून डेट्रॉइटची वाट धरली. विमानांच्या जगात गाजलेले हे नाव मोटारीच्या गॅरेजांतही अनेक दशके नांदले, ते या भावामुळे.

पहिली मोठी जाहिरात मात्र झाली शर्यतीच्या मैदानावर. जुलै १९२१ मध्ये फ्रान्समधील ल मान येथे ग्रां प्रीची शर्यत झाली. रस्ता खडीने भरलेला होता, आणि जिमी मर्फी हा अमेरिकन चालक ड्युसेनबर्ग मोटार घेऊन सर्वांच्या पुढे निघून गेला. त्या मोटारीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक होते. वळणाजवळ प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक दाबता येणे हा त्याचा मोठा लाभ ठरला. त्याच वर्षी ड्युसेनबर्गने मॉडेल ए ही मोटार आणली. चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक असलेली विक्रीसाठीची पहिली मोटार म्हणून तिची नोंद आहे. पण ती श्रीमंतांची मोटार होती. मध्यमवर्गाच्या आवाक्यातील मोटारीत हा ब्रेक आणला वॉल्टर क्रायस्लर यांनी, १९२४ मध्ये. त्यांच्या अभियंत्यांना लॉकहीडच्या रचनेत लगेच दोष दिसला, आणि तो तोच जुना होता. चामड्याच्या वाट्या वाळत, आकसत आणि गळत. त्यांनी तिथे रबर आणले.

रबर आले आणि द्रवाची निवडही त्याच्यावर ठरू लागली. खनिज तेलाने त्या काळचे रबर फुगून निकामी होई. म्हणून पहिल्या पिढीतील ब्रेकचा द्रव एरंडेल तेल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणातून बनत असे. आपल्याकडे आजही गॅरेजमध्ये ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. आता त्या बाटलीत बहुधा ग्लायकॉल जातीचा द्रव असतो, म्हणजे तेल नसतेच. शब्द मात्र एरंडेलाच्या काळातला राहून गेला आहे.

इथे फोर्ड यांच्या शंकेकडे परत येऊ. एक सळी तुटली तर एका चाकाचा ब्रेक जातो आणि उरलेली तीन चाके काम करतात. नळी मात्र कुठेही गळली, तर सगळा द्रव त्याच छिद्रातून बाहेर पडतो आणि पाय थेट मोटारीच्या तळाला टेकतो. चारही चाके एकाच वेळी मोकळी होतात. दाब सर्वत्र सारखा असणे हा या यंत्रणेचा गुण, आणि गळती सर्वांना सारखी भोवणे हा तिचा दोष. दोन्ही एकाच नियमातून निघतात. ही भीती अनाठायी नव्हती. प्रश्न एवढाच होता की नळी आणि तिचे सांधे गळणार नाहीत इतके पक्के करता येतील का.

नळीचे उत्तर आधी मिळाले. सुरुवातीला तांबे वापरत, कारण ते हाताने वाकते आणि गंजत नाही. पण तांब्याची खोड म्हणजे सतत हादरे बसले की ते कडक होत जाते आणि एके दिवशी तडकते. तार पुढे-मागे वाकवून तोडण्याचा खेळ आपण सगळ्यांनी केलेला आहे. खडबडीत रस्त्यावर ब्रेकच्या नळीचे हेच होत असे. साधी पोलादी नळी घ्यावी तर तिला एक सरळ जोड असतो, आणि जोड म्हणजे पुन्हा संशयाची जागा. १९२० च्या दशकात डेट्रॉइटच्या हॅरी बंडी याने यावर सुंदर युक्ती काढली. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादाची पातळ पट्टी घ्यायची, चटईसारखी स्वतःभोवती दोन वेढे गुंडाळायची आणि भट्टीतून काढायची. मधले तांबे वितळते आणि दोन्ही थरांना सर्वांगाने जोडून टाकते. आता नळीत आरपार जाणारा सरळ जोड उरत नाही. बाहेरचा जोड उकलला तरी खाली दुसरा थर असतो. ‘बंडी ट्यूब’ या नावाने ओळखली जाणारी ही नळी पुढे जगभरच्या मोटारींखाली पसरली, आणि फ्रिजच्या मागेही जाऊन बसली.

ब्रेकसाठी ठरलेले माप होते ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. भिंतीची जाडी सुमारे ०.७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या नखाहून थोडी जास्त. जोरदार ब्रेक मारला की या नळीतला दाब ७० ते १०० बारपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाची नळी दुसऱ्या भागाला जोडायची कशी? पाण्याच्या नळाप्रमाणे तिच्यावर आटे पाडावेत, तर भिंतीचा दोनतृतीयांश भाग आट्यांतच खरवडला जाईल. डाग देऊन जोडावी, तर हादऱ्यांनी डाग तडकेल आणि दुरुस्तीच्या वेळी सांधा उघडताही येणार नाही. मग नळीला हात न लावता नटावर आटे पाडायचे, नळीचे तोंड कर्ण्यासारखे फुलवायचे आणि नट त्या कर्ण्याला शंकूच्या आकाराच्या बैठकीवर दाबून धरील असे करायचे. ना वॉशर, ना रबर, ना डाग. धातूवर धातू दाबला जातो आणि तेवढ्यावर सांधा बंद होतो.

तोंड एकेरी फुलवणे सोपे आहे. एसीची नळी मऊ तांब्याची असल्याने तिथे ते चालते. पोलादाच्या पातळ नळीचा काठ मात्र फुलताना ताणला जाऊन चिरतो, आणि चीर दिसली नाही तरी ती दाबाखाली उघडते. म्हणून ‘डबल फ्लेअर’ आला. काठ बाहेर ताणून सोडायचा नाही, तो आतल्या बाजूला दुमडून घ्यायचा, लुगड्याच्या काठाला शिवण घालावी तसा. भिंत दुप्पट जाड होते आणि कापलेली कड, जिथून चीर सुरू होते ती, घडीच्या आत लपते. दोन वेढ्यांच्या नळीला दोन पदरांचा काठ. पुरे झालेले ते तोंड जेमतेम सात मिलिमीटर रुंद असते. चालत्या मोटारीत बसलेल्या माणसांचे प्राण ब्रेक दाबल्या क्षणी अशा अनेक काठांवर विसंबलेले असतात.

आता पेटी उघडू. वस्तूंचा इतिहास वाचताना ती वस्तू चालते कशी हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून इथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

कारागीर नळी करवतीने कापत नाही. करवतीने कड वाकडी होते आणि कीस आत पडतो. तो चाकाच्या पात्याचा पाइप कटर नळीभोवती फिरवतो, दर फेरीला किंचित आवळत. कापलेल्या नळीच्या आत जी खरबरीत कड उरते ती तो काढून टाकतो आणि बाहेरच्या काठालाही कानशीने हलकासा उतार देतो. हा उतार राहिला, तर पुढची घडी तिरकी बसते. मग नट नळीवर चढवतो. हा क्रम महत्त्वाचा, कारण एकदा तोंड फुलले की नट त्यावरून जात नाही. जगातल्या प्रत्येक शिकाऊ मेकॅनिकने सुरेख तोंड फुलवल्यावर टेबलावर पडलेल्या नटाकडे एकदा तरी हताश होऊन पाहिले असेल.

मग नळी पट्टीच्या योग्य भोकात धरायची. किती वर ठेवायची? त्या मापाच्या डायला जी पायरी असते, नेमकी तिच्या उंचीइतकी. मापपट्टी लागत नाही, डायच माप सांगते. हत्यार घडवणाऱ्याने आपले ज्ञान असे धातूतच लिहून ठेवले आहे. नळी कमी वर राहिली तर काठ अपुरा दुमडतो, जास्त राहिली तर घडी जाडजूड आणि वेडीवाकडी होते. पट्टी घट्ट आवळायची. तिच्या भोकातल्या दातऱ्या नळीला धरून ठेवतात, आणि पकड सैल राहिली तर नळी मुकाट्याने खाली सरकते. डायची दांडी नळीच्या तोंडात घालायची, ब्रेकच्या द्रवाचा एखादा थेंब लावायचा आणि मळसूत्र फिरवायचे. इथे साधे तेल लावत नाहीत. त्याचा अंश नळीत राहिला तर पुढे रबरी वाट्या फुगतात. शंभर वर्षांपूर्वीची एरंडेलाची गोष्ट इथेही लागू आहे.

या दाबाने नळीचे तोंड आधी बुडबुड्यासारखे गोल फुगते. डाय काढायची आणि आता थेट शंकू आत दाबायचा. बुडबुड्याचा वरचा भाग आत कोसळतो, दुमडतो आणि ४५ अंशांच्या उतारावर बसतो. मळसूत्र सैल केले की तोंड तपासायचे. काठ चहूकडे सारखा आहे ना, मध्यबिंदू ढळला नाही ना, कुठे केसाएवढी चीर नाही ना. शंका आली तर तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. यासाठीच जाणता कारागीर नळी मुळात थोडी लांब कापतो. सांधा आवळल्यावर यंत्रणेतली हवा काढायची, कारण हवा दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. शेवटी एकाने पायाने ब्रेक जोरात दाबून धरायचा आणि दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक सांध्यावर कोरडे बोट फिरवायचे. बोट ओले झाले तर मोटार जागची हलवायची नाही.

हे सगळे एका मोटारीपुरते. पण सांध्याचा आकार जगभर एकच राहिला नाही, आणि इथे राजकारण व बाजारपेठ आत येतात.

क्लीव्हलँडच्या आर्थर पार्कर याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ट्रक आणि बसच्या हवेच्या ब्रेकसाठी सांधे बनवायला सुरुवात केली. १९१९ मध्ये त्याचा माल वाहणाऱ्या ट्रकला अपघात झाला, सगळा साठा गेला आणि कंपनी बुडाली. १९२४ मध्ये त्याने पुन्हा मांडणी केली आणि मग विमानांच्या नळ्यांचे सांधे हीच त्याची ओळख झाली. विमानांत ३७ अंशांचा उतार रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या भूदल-नौदलाच्या संयुक्त प्रमाणात तोच पक्का झाला आणि युद्धानंतर औद्योगिक यंत्रांतही उतरला. मोटारी मात्र ४५ अंशांवर राहिल्या. दोन्ही तोंडे शेजारी ठेवली तर अनोळखी डोळ्याला सारखीच दिसतात. एकमेकांवर बसवली तर रेषेपुरता स्पर्श होतो आणि सांधा गळतो. युरोपने तिसरी वाट धरली. तिथे बुडबुड्याच्या आकाराचे तोंडच अंतिम मानले गेले. दुमडायची पायरी नाही आणि बैठकही त्याप्रमाणे निराळी. अमेरिकन पद्धतीतील अर्धवट काम आणि युरोपीय पद्धतीतील पुरे काम दिसायला जवळजवळ सारखे असते. ज्याला हा फरक माहीत नाही त्याच्या हातून माणसे मरू शकतात.

आपल्याकडच्या जुन्या गॅरेजांत या सगळ्या वंशावळी एकत्र नांदत होत्या. महिंद्राने जोडलेली विलीज जीप अमेरिकन, आट्यांची मापे इंचांत. अँबेसिडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची वारस, तीही इंचांत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी पद्मिनी फियाटची, मिलिमीटरवाली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती जपानी वारसा घेऊन, पुन्हा मिलिमीटर. मुंबई-पुण्याच्या मेकॅनिकला नट हातात घेऊन तो इंची की मिलिमीटरचा हे बोटांनी ओळखावे लागे. चुकीचा नट दोन-तीन फेरे मुकाट चढतो आणि मग बैठकीचे आटे खाऊन टाकतो. आयात-परवान्यांचा आणि परदेशी करारांचा आर्थिक इतिहास आपण वाचतो. त्याचे हे सर्वात बारीक टोक.

फोर्ड यांची शंका इकडे कायम होती. सांधे कितीही सुधारले तरी एकाच मार्गाने सगळा द्रव जात असेपर्यंत एक गळती पुरेशी होती. याचे उत्तर यंत्रणेचे दोन भाग करणे. मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र कप्पे ठेवायचे, म्हणजे एका बाजूची नळी फुटली तरी दुसरी बाजू मोटार थांबवते. कॅडिलॅक आणि अमेरिकन मोटर्स यांनी १९६२ च्या मॉडेलांत हे सर्रास दिले. राल्फ नेडर यांचे मोटारींच्या सुरक्षिततेवरचे पुस्तक १९६५ मध्ये गाजले, १९६६ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत नियम लागू झाला की एका भागात गळती झाली तरी उरलेल्या भागाने मोटार थांबलीच पाहिजे. क्रायस्लरच्या १९२४ च्या मोटारीपासून मोजले तर चव्वेचाळीस वर्षे. तोवर कोट्यवधी लोक त्या एकपदरी व्यवस्थेवर विसंबून गाड्या चालवीत होते, आणि त्यांतील फारच थोड्यांना ते ठाऊक होते.

गंजाचा प्रश्न उरलाच. बंडीच्या नळीत जोडाची भीती नव्हती, पण ती पोलादाची. थंड देशांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते खालून उडून नळीवर बसते. नळी जिथे क्लिपने चेसिसला धरलेली असते तिथे मीठ आणि ओल साचून राहते आणि नळी तिथेच आधी सडते. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्याच्या चिखलात हेच थोड्या वेगळ्या गतीने होते. आतूनही धोका असतो. ग्लायकॉलचा द्रव हवेतली ओल शोषतो, म्हणून तो ठराविक काळाने बदलायचा असतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ च्या ट्रकांच्या गंजलेल्या ब्रेक नळ्यांची सरकारी चौकशी काही वर्षे चालली. २०१५ मध्ये वाहतूक सुरक्षा प्रशासनाने हा उत्पादनातील दोष नसून वयाचा आणि मिठाचा परिणाम असल्याचे सांगून ती बंद केली, आणि जुन्या वाहनांच्या मालकांना नळ्या तपासून घेण्याचा इशारा दिला. नळ्या कधीच बदलाव्या लागणार नाहीत असे मानून गाडी वापरायची, आणि त्या सडल्यावर वयाकडे बोट दाखवायचे. या निर्णयातला तांत्रिक भाग मला पटतो. पण ज्याला गाडीखाली डोकावता येत नाही त्या मालकावर जबाबदारी ढकलणे पटत नाही.

तांबे मात्र परत आले. शंभर भागांत दहा भाग निकेल आणि थोडे लोह व मँगनीज मिसळलेले तांबे समुद्राच्या पाण्याला दाद देत नाही, म्हणून जहाजांच्या कंडेन्सरमध्ये ते आधीच वापरात होते. स्वीडनच्या व्होल्व्होने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून त्याच्या ब्रेक नळ्या वापरायला सुरुवात केली. शुद्ध तांब्यासारखे ते हादऱ्यांनी लवकर तडकत नाही, आणि पोलादापेक्षा मऊ असल्याने हाताच्या हत्याराने त्याचे तोंड सहज आणि सुबक दुमडते. दुरुस्ती करणाऱ्यांनी ते उचलून धरले यात नवल नाही. बाजारात तोंड न फुलवता नुसते कडे आवळून नळ्या जोडणारे सांधेही मिळतात. पाण्याच्या किंवा हवेच्या कमी दाबाच्या कामाला ते ठीक आहेत. ब्रेकच्या नळीत ते कधीही वापरू नयेत. दाबाखाली नळी त्यातून निसटते.

संग्रहालयांत मांडलेल्या जुन्या मोटारी पाहताना एक अडचण जाणवते. गाडी पुन्हा चालती करायची तर सर्वात आधी ब्रेकच्या नळ्या काढून टाकतात. म्हणजे रंग, दिवे आणि चामड्याच्या बैठका मूळच्या असल्या, तरी खालचे सांधे बहुधा नव्याने घडवलेले असतात. त्या काळच्या कारागिराने दुमडलेला काठ बहुतेक ठिकाणी भंगारात गेलेला आहे. शिल्लक राहते ते हत्यार, कारण ते बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते.

म्हणून जुन्या बाजारात अशी पेटी दिसली तर पट्टीवरचे आकडे वाचा. ३/१६, १/४, ५/१६ असे अपूर्णांक असतील तर ती इंची घराण्यातली. ६, ८, १० असतील तर मिलिमीटरची. पण मिलिमीटरच्या पट्टीतही पहिले भोक अनेकदा ४.७५ चे असते. मिलिमीटरमध्ये विचार करणाऱ्याने असा आडनिडा आकडा आपणहून कधी निवडला नसता. तो ३/१६ इंच आहे, नुसता वेष बदललेला. दशमान पद्धतीने इंचाला हाकलून लावले त्या देशांतल्या मोटारींखालीही डेट्रॉइटचे ते माप आजतागायत तसेच धावते आहे.